वर्गातलं कासव: आणण्याआधी आणि आणल्यावर

पुण्यातल्या शाळांत सरपटणारा प्राणी सहसा विकत आणला जात नाही, तो येऊन पडतो. घर बदलताना, बाळ झाल्यावर किंवा नुसता 'वास येतो' म्हणून एखाद्या पालकांना घरातलं कासव नकोसं होतं. मग 'मुलांना शिकायला उपयोगी पडेल' असं म्हणत ते प्लास्टिकच्या डब्यासकट विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावर ठेवलं जातं. नाही म्हणायला संकोच वाटतो, आणि तोवर सहावी ब ने त्याचं बारसंही उरकलेलं असतं.

असं कासव ज्यांच्याकडे आलंय किंवा येऊ घातलंय, त्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. वर्गासाठी मुद्दाम दुकानातून नवीन प्राणी आणू नये, असं माझं मत आहे. नीट सांभाळलेलं कासव २०-३० वर्षं जगतं आणि मुलं वर्षभरात पुढच्या वर्गात जातात. ज्याला घर उरलेलं नाही असा प्राणी सांभाळायचा असेल, तर मात्र पुढे वाचा.

पायरी १: हा प्राणी नेमका कोण, ते ठरवा

हे सगळ्यात आधी करायचं, कारण उत्तर चुकलं तर प्रकरण वनविभागापर्यंत जातं.

डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवट कवच, बोटांमध्ये पडदे आणि पाण्यात पोहण्याची आवड, ही लक्षणं जुळली तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं पिल्लू 'लकी' म्हणून विकतात. वय वाढलं की पट्टा आणि कवच काळपट पडतात, त्यामुळे मोठं कासव ओळखताना घाई करू नका.

कवच घुमटासारखं उंच, त्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आणि पाय खांबासारखे, असं असेल तर ते स्टार कासव. हे आपलं, भारतातलं, कोरड्या माळावरचं. कवच मऊ, चपटं आणि कातडी असेल तर तेही इथल्या नदी-तळ्यातलं. ही दोन्ही पाळता येत नाहीत. घोरपड, अजगर, सरडा, मांडूळ यांपैकी काहीही वर्गात ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानंतर पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'आम्ही तर त्याला जीव लावला' हा बचाव तिथे चालत नाही. आणि मांडूळ घरात असलं की पैसा येतो या समजुतीपायी पैसा फक्त तस्कराला मिळतो, हे मुलांना सांगायची संधी सोडू नका.

टेबलावर आलेलं कासव स्टार निघालं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. माणसं येईपर्यंत ते भोकं पाडलेल्या कोरड्या खोक्यात, सावलीत ठेवा. पाण्याच्या टबात ठेवू नका. स्टार कासवाला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. 'कासव म्हणजे पाणी' एवढंच डोक्यात असल्यामुळे ही चूक घरोघरी होते.

परदेशी प्राण्यांचे नियम वेगळे आहेत. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, सल्काटा कासव अशा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंद केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ही नोंद व्हायला हवी. याद्या बदलत राहतात, म्हणून प्राणी स्वीकारण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर वनविभागाला विचारा आणि उत्तर फाइलला लावा. लेपर्ड गेको हा दिसायला गोड पालीसारखा प्राणी देऊ केला, तरी तो मी घेणार नाही. त्याच्या जवळच्या नात्यातली एक जात महाराष्ट्रातही आढळते आणि दुकानातली कोणती, रानातून उचललेली कोणती, हा वाद शाळेने अंगावर का घ्यावा?

इथून पुढे तुमच्याकडे स्लायडर आहे असं धरून चालतो.

पायरी २: एका माणसाचं नाव कागदावर आणा

'सगळ्यांनी मिळून सांभाळू' म्हणजे मे महिन्यात कोणीच नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने एक शिक्षक जबाबदार आणि एक पर्यायी, अशी दोन नावं ठरवा. खर्च कोण करणार तेही त्याच कागदावर लिहा. दिवे, फिल्टर, खाणं आणि डॉक्टर यांचा खर्च दर वर्षी येत राहतो, आणि त्यापुढे फुकट मिळालेल्या कासवाचा फुकटपणा विसरायला होतो.

पायरी ३: कोणत्या वर्गात नाही

बालवाडी आणि केजीत नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. कासवाला त्यांचा काही त्रास होत नाही, माणसाला मात्र जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. ५ वर्षांखालच्या मुलांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हा आजार गंभीर वळण घेऊ शकतो. अमेरिकेत १९७५ पासून सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती याच कारणाने: छोटं कासव मुलं सरळ तोंडात घालत होती. आपल्याकडे दुकानात मिळतं ते नेमकं त्याच मापाचं.

माझ्या मते चौथीच्या खाली कासव नको. वरच्या वर्गातही कोणा मुलाला प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे का, हे पालकांना आधी विचारा, आणि वर्गासमोर नाही, खासगीत.

काही गोष्टींना सूट नाही. कासवाला, टँकला किंवा त्यातल्या पाण्याला हात लागला की साबणाने आणि वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझरने भागत नाही. टँक असलेल्या वर्गात डबे खायचे नाहीत आणि पोषण आहाराची खिचडी वाढायची नाही. टँकची बादली, मग आणि स्पंज वेगळे, त्यांवर लाल ऑइलपेंटने खूण. पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली यातलं काहीही धुवायचं नाही. टँकचं घाण पाणी संडासात ओता. शाळेच्या फुलझाडांना घातलं तरी चालेल, पण परसबागेतल्या मेथी-कोथिंबिरीला घालू नका.

पायरी ४: टँक

कासव ज्या डब्यातून आलं, तो हिरव्या प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाचा डबा लगेच बाजूला करा. त्यात पोहता येत नाही आणि पाणी दिवसभरात नासतं.

हिशेब सोपा आहे: कवचाच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर पाणी. ४ सेंटिमीटरच्या पिल्लाला ६० लिटर, २० सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटर. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, त्यामुळे तयारी त्या मापाची ठेवा. आता वजन बघा. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, वर काच आणि स्टँड. हे बाकावर किंवा वर्गातल्या जुन्या लाकडी कपाटावर ठेवायचं नसतं. तळमजला, भिंतीलगतची जागा आणि लोखंडी स्टँड हवा. वाड्यात भरणारी जुनी शाळा असेल आणि वर्ग लाकडी तुळयांच्या माडीवर असेल, तर विषय तिथेच संपला.

पाणी निदान कासवाच्या लांबीच्या दीडपट खोल हवं, म्हणजे उलटं झालं तर त्याला सरळ होता येईल. एका बाजूला पूर्ण कोरडा ओटा द्या. त्यावर चढायला उतार असावा, आणि तो कासवाच्या वजनाने कलंडणार नाही इतका पक्का असावा. तळाशी बारीक रंगीत खडे घालू नका. कासव ते गिळतं आणि ते आतड्यात अडकतात. तळ मोकळा ठेवला तर दिसायला ओकाबोका वाटतो, पण साफ करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. वर जाळीचं झाकण हवं, नाहीतर डस्टर, खोडरबर आणि वेफर्स आत पडतात. काही पडतात, काही पाडले जातात.

टँकशेजारी एक पाटी लावायला हरकत नाही. 'काचेवर टिचक्या मारू नयेत. आत राहणाऱ्यास त्रास होतो व बाहेरच्यास बोलणी बसतात.' पुण्यात पाटीचा उपयोग होतो.

पायरी ५: ऊब, ऊन आणि मेन स्विच

वर्गातली कासवं सगळ्यात जास्त इथेच दगावतात, म्हणून थोडं सविस्तर.

सरपटणारा प्राणी स्वतःच्या अंगात उष्णता तयार करून तापमान टिकवत नाही, ती बाहेरून घेतो. ऊब नसेल तर अन्न पचत नाही. स्लायडरला पाणी २४ ते २७ अंश आणि ओट्यावर दिव्याखाली ३० ते ३५ अंश हवेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्याचं पाणी फार खाली जात नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेचा पारा कधीकधी १० च्याही खाली जातो, आणि रात्री बंद असलेल्या वर्गात पाणी गारठतं. मग कासव खात नाही आणि लोक म्हणतात, 'थंडीत झोपलंय.' शीतनिद्रा ही रानातल्या, भरपूर खाऊन तयारी केलेल्या प्राण्याची गोष्ट आहे. वर्गातल्या कासवाच्या पोटात न पचलेलं अन्न सडतं आणि त्याला न्यूमोनिया होतो.

यासाठी थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या अंशावर ठेवणारं बटण) असलेला, पाण्यात बुडणारा हीटर लागतो. साधारण लिटरला १ वॉट धरा. त्यावर प्लास्टिकचं जाळीदार कवच हवं, नाहीतर कासव काच फोडतं. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून थोडा वेळ थांबायचं. गरम हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो.

दिवे दोन. एक साधा उबेसाठी, ४० ते ६० वॉटचा. दुसरा यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी ट्यूब, रोज १० ते १२ तास. हा दुसरा दिवा चैन म्हणून नसतो. अतिनील किरणांशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि कवच मऊ पडतं. ट्यूब ओट्यापासून किती अंतरावर ठेवायची ते तिच्या खोक्यावर वाचा. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, कारण त्यातून हे किरण जात नाहीत. त्यामुळे 'खिडकीतून ऊन येतं की' याला अर्थ नाही. ट्यूब पेटत राहिली तरी तिच्यातले हे किरण कमी होत जातात, म्हणून ६ ते १२ महिन्यांनी ती बदलावी लागते. बसवलेली तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवा.

सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत २०-३० मिनिटं दिलं तर उत्तमच. उथळ टब, अर्धी बाजू सावलीत, शेजारी मोठा माणूस. कावळा आणि घार दोघंही पिल्लू उचलतात. काचेचा टँक उन्हात ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये आतलं पाणी बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते.

आता मेन स्विच. शाळा सुटल्यावर शिपाईमामा मजल्याचा मेन स्विच बंद करून कुलूप लावतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण त्याबरोबर हीटर आणि फिल्टरही बंद होतात, आणि सोमवारी वर्ग उघडेपर्यंत टँक थंड आणि आंबूस झालेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून टँकसाठी वेगळी लाइन काढून घ्या, तिला गळती झाल्यास वीज तोडणारा ईएलसीबी बसवा, आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. आणि हे सगळं मामांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. मुख्याध्यापकांच्या परिपत्रकापेक्षा मामांना कासव आवडणं जास्त कामाचं आहे.

पायरी ६: पाणी

कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. त्यामुळे टँकमध्ये जेवढं पाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या आणि तरीही आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. सगळं पाणी एकदम काढून टँक चकाचक घासू नका. घाण पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. तो स्पंज टँकच्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादल्या भरून एक दिवस उघड्या ठेवा. दिवस निवडताना पुणेकराला सांगायला नको, पण बदलून आलेल्या शिक्षकांसाठी सांगतो: देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि शुक्रवारी पाणी 'उशिरा व कमी दाबाने' येतं. म्हणून पाणी सोमवारी भरा, मंगळवारी बदला. वीजही अनेक भागांत गुरुवारीच जाते, त्यामुळे त्या दिवशी खाणं कमी किंवा नाही.

पायरी ७: खाणं

पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा. कासवासाठीचे चांगल्या प्रतीचे गोळे त्याच्या डोक्याच्या आकाराएवढे. वय वाढेल तसा पाला वाढवायचा: लेट्यूस, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, गाजर. पालक क्वचित, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवतं. बाजारातली खारट सुकट नको. पोळी, भात, ब्रेड, फरसाण, बिस्किट अजिबात नको. कोणाच्या वाढदिवसाचा केक तर नकोच, हे वर्षातून चाळीस वेळा सांगावं लागेल.

खाणं वेगळ्या टबात दिलं तर टँक कमी घाण होतो. कासव तुम्हाला बघून काचेला येऊन धडकतं, म्हणजे ते उपाशी आहे असं नाही. खाणं कोण देतं, हे त्याला कळलेलं असतं.

पायरी ८: मुलांनी काय करायचं

उचलायचं नाही. हे पहिल्यांदा मुलांना फार जड जातं. पण उचलल्यावर कासव पाय झाडतं, नखं ओरबाडतात, दचकून हात सुटतो आणि पडलं की कवच फुटतं. उचलणं फक्त जबाबदार शिक्षकाचं काम.

मुलांसाठी वही आहे. रोज पाण्याचं तापमान, काय खाल्लं, किती वेळ ओट्यावर बसलं. महिन्यातून एकदा शिक्षक कासव धरतील आणि मुलं मोजतील. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर (तो नंतर स्वयंपाकघरात परत जात नाही), कवचाची लांबी पट्टीने सरळ रेषेत. फुगीर पाठीवरून टेप फिरवू नका, आकडा वाढून येतो. या नोंदींचा आलेख सातवीच्या गणितात चालतो, आणि वजन घसरलं तर डॉक्टरांच्या आधी मुलांनाच कळतं.

पायरी ९: दिवाळी आणि मे

सुट्टीची सोय कासव स्वीकारण्याआधी ठरवायची. दिवाळीचे दोन-तीन आठवडे आणि मे ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ, या दोन्हीसाठी घर निश्चित हवं. 'विरघळणारा खाऊ टाकून जाऊ' हा उपाय नाही.

ज्या घरी जाणार तिथे ५ वर्षांखालचं मूल नसावं. पालकांची लेखी संमती घ्या. मुलाने 'आई हो म्हणाली' म्हणणं पुरेसं नाही. टँक हलवणं अवघड असतं, म्हणून त्या घरासाठी मोठा प्लास्टिकचा टब, सुटा ओटा, छोटा फिल्टर आणि यूव्हीबी दिवा असा एक संच शाळेने ठेवावा. नेताना डब्यात पाणी भरू नका. ओला टॉवेल, हवेला भोकं, आणि मे महिना असेल तर सकाळी आठच्या आत. डबा स्कूटरच्या डिकीत ठेवायचा नाही.

पायरी १०: आजार

डोळे सुजून मिटलेले, पोहताना एका बाजूला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, कवच दाबल्यावर मऊ लागणं, कवचावर दुर्गंधी येणारे पांढरे डाग, आठवडाभर अन्नाला तोंड न लावणं. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दुकानदार देतो ते निळे-पिवळे थेंब पाण्यात टाकत बसू नका. शहरातले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात, म्हणून कासव तपासणारे पशुवैद्य कोण, हे आजारी पडण्याआधी फोन करून शोधा आणि नंबर टँकवर चिकटवा.

पायरी ११: नको झालं तर

पाषाण तलाव नाही, कात्रजचा तलाव नाही, मुठा नाही, देवळाचं कुंड नाही, गावाकडची विहीरही नाही. स्लायडर जगातल्या १०० सर्वात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या पाण्यात ते इथल्या कासवांचं अन्न आणि उन्हं खायची जागा बळकावतं, आणि त्याचे रोगही तिकडे जातात. लीथचं मऊ पाठीचं कासव, ज्याचं शास्त्रीय वर्णन १८७२ मध्ये पुण्याच्याच नमुन्यावरून झालं, ते आज अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्यासमोर आणखी एक स्पर्धक सोडायला आपण पुण्याचेच लोक असावं, हे बरं दिसत नाही.

दुसरी शाळा, अनुभवी पाळणारा किंवा वन्यजीवांवर काम करणारी संस्था, यांना आधी विचारा आणि लेखी होकार आल्यावरच कासव हलवा. प्राणिसंग्रहालयाच्या दारात डबा ठेवून निघून जाणं हेही सोडून देणंच झालं. फक्त प्राणी दाखवायचे असतील, तर वर्षातून एकदा वर्गाला कात्रजला न्या. तिथलं सर्पोद्यान १९८६ पासून आहे आणि त्याचा मेन स्विच तुमच्या हातात नाही.

बदली झाली तर

एक फाइल द्या: वनविभागाचं उत्तर, मुख्याध्यापकांचा सहीचा कागद, ट्यूब बदलल्याच्या तारखा, वजनाची वही, डॉक्टरांचा नंबर, सुट्टीत सांभाळणाऱ्या घरांची नावं. फाइल दिल्यावर नव्या शिक्षकांकडून एक पाणीबदल तुमच्यासमोर करवून घ्या. हीटर आधी बंद करतात का, तेवढं बघा.